हिवाळ्याआधीची जयणा

पर्युषण पर्व संपते, एकमेकांना 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणून झालेले असते आणि महाराष्ट्रातील व्यापारी घरांना दिवाळीच्या हंगामाचे वेध लागतात. माल भरायचा, उधारी वसूल करायची, माळ्यावरची भांडी उतरवून घर धुवायचे, वहीपूजनासाठी नव्या वह्या आणायच्या. त्याच घरातील मुलगा किंवा लेक अमेरिकेत न्यू जर्सी, बोस्टन, शिकागो अशा ठिकाणी असेल, तर तिकडेही याच आठवड्यांत एक निराळी लगबग चाललेली असते. निदान चालायला हवी. छपराच्या पन्हळी साफ करणे, घर उबदार ठेवणारी फर्नेस तपासून घेणे, अंगणातल्या नळाचे पाणी आतून बंद करणे, दाराखालच्या फटी बुजवणे. फोनवर हे ऐकणाऱ्या आईला मात्र आश्चर्य वाटते. थंडी पडायची डिसेंबरात, मग भाद्रपद-आश्विनातच एवढी घाई कशाला?

याचे उत्तर थोडे थंडीच्या आकड्यांत आहे आणि थोडे तिकडच्या घरांच्या बांधणीत. 30 जानेवारी 2019 रोजी शिकागोच्या ओहेअर विमानतळावर पारा उणे 31 अंश सेल्सिअसवर उतरला होता. ही टोकाची नोंद झाली. परंतु त्या सगळ्या पट्ट्यात जानेवारीच्या रात्री तापमान गोठणबिंदूच्या खाली जाणे हा नित्याचाच क्रम आहे. तेथील बहुतेक घरे लाकडी सांगाड्याची असतात. भिंतीत लाकडी खांब, त्यांच्यामध्ये उष्णता अडवणारा भराव, आतून जिप्समचे पातळ तक्ते, आणि त्याच पोकळीतून पाण्याचे पाइप गेलेले. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते. पाइपात एका जागी बर्फाचे बूच बसले, की ते बूच आणि पुढची बंद तोटी यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याचा दाब वाढत जातो आणि पाइप चिरतो. चिरतो त्या वेळी बहुधा कोणालाच कळत नाही, कारण आत बर्फच भरलेला असतो. दोन दिवसांनी ऊन पडते, बर्फ वितळतो आणि भिंतीतून धार लागते.

जैन कुटुंबाला या आगाऊ तयारीसाठी नवा शब्द शोधावा लागत नाही. जयणा हा शब्द परंपरेत आहेच. दशवैकालिक सूत्रात चालण्या-बसण्यापासून जेवण्या-बोलण्यापर्यंत प्रत्येक क्रियेला जयणेची जोड दिलेली आहे. पाणी गाळणे, धान्य निवडणे, चूल पेटवण्याआधी ती झटकून घेणे ही सारी श्राविकेच्या हातची जयणाच. तिचे मर्म असे, की हिंसा टाळायची तर ती घडण्याच्या क्षणी नव्हे, त्याच्या बऱ्याच आधी काळजी घ्यावी लागते. उत्तर अमेरिकेतील हिवाळा याची परीक्षा फार कठोरपणे घेतो. ज्या घराने सप्टेंबर-ऑक्टोबरात हात हलवला नाही, त्याच्यापुढे जानेवारीत चांगला मार्ग उरलेलाच नसतो.

फटी बुजवण्याचा काळ

उंदरांचेच पाहावे. सप्टेंबरच्या अखेरीस रात्री गार होऊ लागल्या, की शेतातले आणि झुडपांतले उंदीर उबेच्या शोधात निघतात. जेमतेम पेन्सिल जाईल एवढे, सुमारे सहा मिलिमीटरचे भोक त्यांना पुरते. एकदा ते भिंतीच्या पोकळीत शिरले आणि तेथे त्यांची वीण झाली, की घरमालकासमोरचे सगळेच उपाय वाईट असतात. बाजारात सर्वांत सहज मिळतो तो चिकट पुठ्ठा. त्यावर अडकलेला जीव कितीतरी वेळ तडफडत राहतो. विष खाऊन मेलेला उंदीर घुबडाने किंवा ससाण्याने खाल्ला, की तेच विष पुढे जाते. जिवंत पकडणारा पिंजरा त्यातल्या त्यात बरा, हे खरे. परंतु बर्फाने झाकलेल्या रानात, जेथे त्याचे बीळ नाही आणि साठवलेले अन्न नाही, तेथे नेऊन सोडलेला उंदीर किती दिवस जगेल? पिंजऱ्याने माणसाचे मन शांत होते. जीव वाचतोच असे नाही. पुष्कळ श्रद्धाळू घरांत हा प्रश्न उंदीर दिसल्यावर निघतो आणि मग सासू-सुनेत, बाप-लेकात वाद होतो. तो वाद मिटवण्याचा एकच काळ असतो, आणि तो म्हणजे पहिल्या गारठ्याच्या आधीचा.

त्यासाठी एखाद्या रविवारी घराभोवती सावकाश दोन फेऱ्या माराव्यात. वातानुकूलन यंत्राच्या नळ्या, गॅसचा पाइप, केबल भिंतीतून जेथे आत जातात तेथील फटी हे मुख्य प्रवेशद्वार. त्यात भांडी घासायच्या तारेच्या घासणीसारखे पोलादी तारांचे बोळे घट्ट बसवून वरून सिलिकॉन भरावे. नुसता फोम उंदीर सहज कुरतडतो. गॅरेजच्या दाराखालची रबरी पट्टी झिजली असेल तर बदलावी. स्वयंपाकघरातील हवा बाहेर टाकणाऱ्या आणि कपडे वाळवण्याच्या यंत्राच्या झरोक्यांची झडप नीट मिटते की नाही ते पाहावे. त्या झडपा मोडल्या असतील, तर पक्षी तेथे घरटे करतात.

मात्र भोक बुजवण्यापूर्वी आत कोणी नाही याची खात्री करणे हा जयणेचाच भाग होय. शंका असेल तेथे कागदाचा सैल बोळा खोचून तीन-चार दिवस पाहावे. बोळा हलला नाही, तर वाट वापरात नाही असे समजावे. पोटमाळ्यावर वटवाघळे असतील, तर घाई करूच नये. उन्हाळ्यात त्यांची पिले उडू शकत नाहीत आणि कडक थंडीत ती गाढ सुप्तावस्थेत असतात. त्यांना बाहेर पडता येईल पण परत शिरता येणार नाही असे एकमार्गी दार बसवण्याचा काळ पिले उडू लागल्यानंतर आणि थंडी सुरू होण्याआधी, म्हणजे साधारण ऑगस्टचा उत्तरार्ध ते सप्टेंबर एवढाच.

उंदरांपेक्षा संख्येने मोठा पाहुणा म्हणजे स्टिंक बग हा ढालीच्या आकाराचा तपकिरी किडा. मूळचा पूर्व आशियातला; अमेरिकेत तो 1990 च्या दशकात पेन्सिल्व्हेनियात प्रथम आढळला आणि आता पूर्वेकडील राज्यांत घरोघरी आहे. ऑक्टोबरातील उन्हाच्या दिवशी दक्षिण-पश्चिमेच्या भिंतीवर हे किडे डझनांनी बसलेले दिसतात. खिडकीच्या फटीतून ते आत येतात, भिंतीत निजतात आणि मध्येच उबेने जागे होऊन दिव्याभोवती घोंगावतात. चावत नाहीत, धान्याला लागत नाहीत. पण शेजारीपाजारी त्यांना सरसकट व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घेतात. ज्यांना ते करवत नाही त्यांनी खिडक्यांच्या जाळ्या दुरुस्त कराव्यात, चौकटीच्या फटींत भराव घालावा. जो किडा तरीही आत आला, त्याला पेल्याखाली पुठ्ठा सरकवून गॅरेजसारख्या थंड पण कोरड्या जागी सोडावे.

पन्हळींतील पालापाचोळा काढणे मात्र टाळता येत नाही. पन्हळ तुंबली, की छपरावरचा वितळलेला बर्फ कडेला पुन्हा गोठतो, त्याचा बांध तयार होतो आणि मागचे पाणी कौलांखाली शिरून छतातून गळते. पाचोळा काढावा, परंतु प्लॅस्टिकच्या पिशव्यांत कोंबून कचऱ्यात पाठवू नये. पतंगांचे कोश, सुरवंट, भुंग्याच्या जातीच्या राणीमाश्या असे कितीतरी जीव पानांच्या थराखाली हिवाळा काढतात. परसातल्या एका कोपऱ्यात, झाडांच्या बुंध्यांशी तो पसरून ठेवला, तर घरही कोरडे राहते आणि त्यांचा निवाराही मोडत नाही. शेकोटीच्या लाकडांचेही असेच आहे. सालीखाली जीव असतात. महिनाभराचा ढीग दिवाणखान्यात आणून ठेवला, की ते उबेने बाहेर पडतात. ज्या घरात फर्नेस आहे, तेथे केवळ शोभेसाठी शेकोटी पेटवणे म्हणजे अनर्थदंडाचे उघड उदाहरण म्हणावे लागेल.

कपड्यांबाबत दोनच शब्द पुरेत. थंडीच्या कोटात आणि रजईत सर्रास बदकांची व हंसांची पिसे भरलेली असतात, हे नव्याने गेलेल्या अनेकांच्या ध्यानातच येत नाही. पॉलिएस्टरच्या भरावाचे तितकेच उबदार कोट मिळतात; वरची पट्टी वाचून घ्यावी. हातमोजे आणि बूट चामड्याचे नसले तरी पाय गारठत नाहीत, मात्र बुटाचा तळ खाचांचा हवा.

रिकामे घर

ज्या एका कारणाने भारतीय कुटुंबांचे सर्वांत मोठे नुकसान होऊ शकते, ते कारण वादळ नव्हे. ते म्हणजे नाताळच्या सुट्टीतली भारतवारी. शाळा बंद, नात्यातली लग्ने, पालिताणा किंवा शिखरजीची यात्रा, आणि पुण्या-मुंबईची सुखद हवा. तीन-चार आठवडे घराला कुलूप. नेमका हाच तिकडचा ऐन थंडीचा काळ. वीजबिल वाचावे म्हणून कोणी जाताना फर्नेस बंद करतो. व्यापारी घरातल्या काटकसरीच्या संस्काराला हे शोभतेही. परंतु चिरलेल्या पाइपातून काही आठवडे घरात पाणी वाहत राहिले, तर लाकडी जमीन, तक्त्यांच्या भिंती, तळघरातले सामान यांतले काय वाचेल याचा हिशेब कोणत्याही वहीत बसणार नाही.

जाताना फर्नेस चालूच ठेवावी आणि तापमान 55 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे 13 अंश सेल्सिअसच्या, खाली जाऊ देऊ नये. रस्त्याकडून येणाऱ्या पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा आणि मग सर्वांत खालच्या मजल्यावरच्या तोट्या उघडून पाइपातील पाणी जाऊ द्यावे. हा व्हॉल्व्ह बहुधा तळघरात असतो. तो कोठे आहे हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक असावे. मुलगा-सून कामावर गेल्यावर दिवसभर घरी असणाऱ्या सासू-सासऱ्यांना तर आल्याच्या पहिल्या आठवड्यात दाखवून ठेवावा. बागेतला रबरी नळ काढून ठेवावा. तो तोटीला तसाच राहिला तर पाइप आतल्या बाजूस फुटतो. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या सिंकखालची कपाटे उघडी ठेवली, की खोलीतली ऊब पाइपापर्यंत पोहोचते. घरात माणसे असताना कडाक्याची रात्र आली, तर अशा सिंकची तोटी बारीक धारेने वाहती ठेवतात. थेंब थेंब पाणी जपणाऱ्या घराला हे खटकते, आणि खटकावेच. ते पाणी बादलीत धरून सकाळी वापरता येते.

यावर विश्वस्त शेजाऱ्याच्या हाती किल्ली देणे हा उपाय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा. दोन-तीन दिवसांनी एक फेरी मारली, तरी अनर्थ वेळीच लक्षात येतो. येथे एक व्यवहाराची गोष्टही आहे. घर रिकामे असताना उष्णता राखली नव्हती असे दिसले, तर गोठलेल्या पाइपाची भरपाई नाकारण्याची तरतूद अनेक विमापत्रांत असते.

विम्याचा विषय निघालाच आहे, तर 2012 ची आठवण करून देणे भाग आहे. त्या वर्षी दिवाळी दोन आठवड्यांवर आली असताना, 29 ऑक्टोबरच्या संध्याकाळी, सँडी वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर धडकले. लाखो घरांची वीज गेली, समुद्राचे पाणी वस्त्यांत शिरले. पेट्रोलपंपांवर रांगा एवढ्या वाढल्या, की राज्याच्या बारा काउंट्यांत गाडीच्या क्रमांकाच्या सम-विषम आकड्यानुसार पेट्रोल देण्याचा हुकूम निघाला. त्यातून लोक सावरतात न सावरतात तोच 7 नोव्हेंबरला दुसरे वादळ बर्फ घेऊन आले. त्यानंतर पुष्कळांना पहिल्यांदा उमगले, की अमेरिकेत घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचे नुकसान धरलेले नसते. पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि सरकारी पूरविमा साधारणतः घेतल्यापासून तीस दिवसांनी लागू होतो. वादळाचे नाव बातम्यांत झळकू लागल्यावर तो घेऊन उपयोग नसतो. वहीपूजनाच्या आधी जसे जुने हिशेब तपासून घेतात, तसे हे कागद दर दिवाळीला एकदा काढून पाहावेत आणि घरातल्या वस्तूंची छायाचित्रेही त्याच दिवशी काढून ठेवावीत.

दुकान किंवा मोटेल चालवणाऱ्यांना आणखी एक भार असतो. दुकानासमोरच्या पदपथावरील बर्फ काढणे ही मालकाची जबाबदारी. गावोगावी त्याची मुदत ठरलेली असते आणि तेथे कोणी घसरून पडले, तर दावा दुकानदारावर येतो. मीठ व फावडी सप्टेंबरात घेऊन ठेवावीत, वादळाच्या आदल्या दिवशी ती मिळत नाहीत, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको. सांगण्यासारखे एवढेच, की बर्फ पडता पडताच दोन-तीनदा लोटत राहिले तर मीठ फारच थोडे लागते. फार मिठाने कुत्र्या-मांजरांचे तळवे भाजतात, कडेची झाडे जळतात आणि वसंतात ते सारे ओढ्यात उतरते. चालणाऱ्याचा पाय घट्ट रोवण्यासाठी नुसती वाळूही पुष्कळ उपयोगी पडते.

तिथीची कोठी

बर्फाच्या वादळाची सूचना आली, की तेथील बाजारात ब्रेड, दूध आणि अंडी यांची फळ्यांवरून काही तासांत धुळधाण उडते. जैन घराला या झुंबडीत शिरण्याचे कारणच नाही. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य असणाऱ्या घराची कोठी आधीच वादळासाठी सिद्ध असते: मूग, मटकी, वाल, हरभऱ्याची डाळ, पापड, वड्या, सुकवलेली फळे. श्वेतांबर परंपरेत खाकरे, कोरडी मिठाई अशा पदार्थांना पावसाळ्यात पंधरा, उन्हाळ्यात वीस आणि हिवाळ्यात तीस दिवसांची मर्यादा आहे. म्हणजे नेमक्या याच ऋतूत साठवणीला सर्वांत अधिक मुभा मिळते.

एक अडचण मात्र ओळखून ठेवावी. सरकारी पत्रके सांगतात, की जेवण शिजवून गोठवून ठेवा. ज्यांना शिळे ओले अन्न चालत नाही, त्यांना हा सल्ला कुचकामी आहे. त्यांना दुसऱ्या दिवशी एक तर अग्नी हवा किंवा न शिजवता खाता येईल असे कोरडे अन्न: खाकरे, सुखडी, फुटाणे, चुरमुरे, शेव. घरात विजेची शेगडी असेल, तर वीज गेल्यावर पहिला मार्ग खुंटतो. गॅसची शेगडी असल्यास तिचा बर्नर बहुधा काडीने पेटवता येतो. घर घेताना हा मुद्दा किती जण पाहतात?

पाण्याचा नियम माणशी रोज एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, किमान तीन दिवसांचे. उकाळलेले पाणी पिणाऱ्यांनी वीज असतानाच पाणी उकळून थर्मासात भरावे. हिवाळ्यात त्याची मर्यादा चार प्रहरांची, पावसाळ्यापेक्षा एक प्रहर अधिक. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासात वीज कोलमडली, पंप थांबले, पाइप फुटले आणि एक कोटीहून अधिक लोकांना पाणी उकळूनच प्या असे बजावण्यात आले. अशा वेळी बर्फ वितळवून पाणी करावे, असे कोणी सुचवतो. जैन विचारात हिम आणि गारा हे अप्काय जीव, आणि खाण्याच्या दृष्टीने बावीस अभक्ष्यांत त्यांची गणना आहे. शौचालयात ओतण्यासाठी बादलीभर बर्फ आणला, तर ती गृहस्थाची अडचण म्हणता येईल. पण कौतुकाने वाटीत बर्फ घेऊन त्यावर सरबत ओतून खाणाऱ्या नातवंडांना आजीने थांबवले, तर तिला जुनाट म्हणू नये.

बेगमी किती करायची याचेही उत्तर परंपरेने दिलेले आहे. परिग्रहाला परिमाण हवे. एका आठवड्याची तजवीज ही दूरदृष्टी. तीन महिन्यांचा साठा करून दुकानातली शेवटची पाण्याची पेटीही उचलणे हा संग्रह झाला, आणि त्या पेटीविना परतणारा कोणी तरी असतोच.

चौविहार करणाऱ्यांसाठी वेळाचे गणित वेगळे. 21 डिसेंबरला बोस्टनमध्ये सूर्य सकाळी सुमारे 7:10 ला उगवतो आणि दुपारी 4:15 ला मावळतो. नवकारशीची 48 मिनिटे सोडली, तर खाण्यापिण्यासाठी सव्वाआठ तास हाती येतात. मुंबईत त्याच दिवशी दहा तासांहून अधिक मिळतात. मग रात्र पंधरा तासांची. घर गारठलेले असेल, तर वृद्धांच्या शरीराला ती जड जाते. मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी त्यांच्या वेळा वैद्यांशी बोलून हिवाळ्याआधीच ठरवाव्यात. भारतातून नेलेली औषधे संपत आली असतील, तर नवी तजवीज आठवडाभर आधी करावी.

वीज गेल्यावर

गॅसवर चालणारी फर्नेससुद्धा विजेवाचून बंद पडते, कारण तिचा पंखा विजेवर फिरतो. टेक्सासात त्या आठवड्यात पंचेचाळीस लाखांच्या आसपास घरे अंधारात गेली आणि राज्याच्या मोजणीप्रमाणे 246 माणसे दगावली. तेथे असा हिवाळा क्वचितच येतो, म्हणून पाइप उघड्या पोटमाळ्यांतून गेलेले आणि कोणाचीच तयारी नाही. थंडीने मेले त्यांच्याखेरीज काही जण ऊब मिळवण्याच्या धडपडीत मेले. बंद गॅरेजमध्ये मोटार चालू ठेवली, कोळशाची शेगडी घरात आणली, जनरेटर दाराशी लावला. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. झोपेतच घात होतो. महाराष्ट्रातून गेलेल्या आजी-आजोबांना घमेल्यात निखारे घेऊन शेकण्याची सवय असते. ती हवेशीर कौलारू घरातली सवय आहे. चहूकडून बंद केलेल्या त्या घरात ती जीवघेणी ठरते, हे त्यांना आधीच समजावून सांगावे. जनरेटर घरापासून किमान वीस फुटांवर हवा. गॅसच्या भट्टीने खोली तापवू नये. प्रत्येक मजल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा गजर असावा आणि त्याची बॅटरी दिवाळीच्या साफसफाईत बदलावी. भिंतीतून बाहेर निघणारी फर्नेसची नळी बर्फाने बुजली, तरी हाच वायू आत तुंबतो. वादळात ती तेवढी मोकळी करायला बाहेर जावेच लागते.

बाकी उपाय साधे आहेत. सर्वांनी एकाच खोलीत, शक्यतो दक्षिणेच्या, मुक्काम करावा. दाराखाली टॉवेल गुंडाळून लावावे. फ्रिज उघडला नाही तर चार तास गार राहतो. उजेडासाठी बॅटरी वापरावी. देवघरातला दिवा लावायचाच असेल, तर समोर माणूस बसलेला असतानाच, पडद्यापासून दूर. एरवी धावपळीत न होणारे सामायिक अशा रात्री सहज होते.

डिसेंबर 2022 च्या नाताळात बफेलो शहरावर बर्फाचे वादळ तीन-चार दिवस घोंगावत राहिले. चाळीसहून अधिक माणसे गेली. कोणी मोटारीत अडकून, कोणी रस्त्यावर, कोणी ऊब नसलेल्या घरात. रुग्णवाहिकाच पोहोचू शकत नव्हत्या. म्हणून वाहनबंदी पुकारली, की दर्शनाचा नेम असला तरी गाडी काढू नये. बार्टलेट असो, न्यू जर्सी असो, जेथे प्रतिष्ठित प्रतिमा आहेत, तेथील नित्यपूजेसाठी पायी पोहोचू शकणाऱ्या कुटुंबांची पाळी संघाने हिवाळ्याआधी लावून ठेवावी. इतरांनी घरातूनच भावपूजा करावी. बर्फ लोटण्याचे काम साठीच्या पुढच्या माणसाने अंगावर घेऊ नये. गारठा आणि अचानक पडलेला ताण मिळून हृदयविकाराचे झटके येतात, आणि सासरेबुवा नेमके मुलगा झोपेत असताना फावडे घेऊन बाहेर पडतात. शेजारी कोणी एकटी वृद्धा असेल, तर तिच्या दारापर्यंतची वाट घरातल्या तरुणाने आपल्या वाटेबरोबरच काढावी.

सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी तिच्या पुढच्या झाकणावर दोन थापा माराव्यात. रात्रीच्या उबेसाठी मांजर इंजिनाशी शिरून बसलेले असते.

आणि भारतातून परतल्यावर बॅगा उघडण्याआधी तळघरात उतरावे. भिंतींना ओल आली आहे का, छतावर डाग आहे का, ते पाहावे. उघड्या ठेवलेल्या तोट्या तशाच ठेवून मुख्य व्हॉल्व्ह अगदी सावकाश, थोडा थोडा फिरवावा, आणि कुठे पाणी झिरपल्याचा आवाज येतो का, हे शांतपणे ऐकावे. तोट्यांतली हवा फसफसत निघून जाते, मग गढूळ धार येते, मग स्वच्छ. गरम पाण्याची टाकी पूर्ण भरल्याखेरीज तिचा हीटर लावू नये. शेजाऱ्याची किल्ली परत घ्यायला जाताना पुण्याहून आणलेला खाकऱ्यांचा डबा बरोबर न्यावा.